एएनबी उणे २: जबड्याच्या कोनाने दिशाभूल केलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी १७ वर्षं २ महिन्यांची. घर निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या पुढे. वडील अंबड एमआयडीसीत कामाला, द्राक्षबाग आई आणि काका सांभाळतात. कॉलेजसाठी ती रोज एसटीने नाशिकला येते. ओळख पटेल असे बारकावे इथे बदलले आहेत.

तक्रार साधी होती. पुढचे दात एकमेकांवर बसत नाहीत. भाकरीचा तुकडा तोडायचा तर तोंडाच्या बाजूने, सुळ्यामागच्या दातांनी. द्राक्षाचा मणी पुढच्या दातांत धरला की निसटतो. ‘स’ म्हणताना जीभ फटीतून डोकावते. चेहरा लांबट, नाकाच्या दोन्ही बाजूंचा गालाचा भाग सपाट, खालचा ओठ पुढे. घरचे म्हणत, ‘आजोबांवर गेलीय.’ ते खरंच होतं. खालचा जबडा पुढे असण्याची ठेवण अनेकदा घराण्यात उतरते. आईने पर्समधून आजोबांचा बाजूने काढलेला जुना फोटो दाखवला. मुलीच्या चौदाव्या वर्षी तो कुणी मागितला असता, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

चौदाव्या वर्षी एका दवाखान्यात तिला तारा लावल्या होत्या. दात काढले नव्हते. वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत रबरं लावून वरचे दात पुढे आणि खालचे मागे ओढले होते. १८ महिन्यांनी पुढचे दात जेमतेम सरळ बसले, तारा निघाल्या. पुढच्या दीड वर्षात जबडा वाढत राहिला आणि दात पुन्हा उलटे झाले. आता त्याच दवाखान्याने नवा बेत सांगितला होता: खालच्या दोन पहिल्या उपदाढा काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात आणखी मागे न्यायचे. दात काढण्याची तारीख चार दिवसांवर होती. त्याआधी दुसरं मत घ्यावं म्हणून कुटुंब आलं.

अडचण

जुन्या फाइलमध्ये एकच आकडा लाल पेनाने अधोरेखित केलेला होता: एएनबी, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत ते सांगणारा कोन, ०°. त्यापुढे ‘माइल्ड’ असा शेरा. नव्या एक्स-रेवर तोच कोन उणे २ भरला. सर्वसाधारण कोन २°, म्हणजे फरक ४ अंशांचा. एवढा फरक दात हलवून झाकता येतो असं पुष्कळ जण मानतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं.

तोंडात पाहिलं तर तेवढं सोपं दिसत नव्हतं. खालचे पुढचे दात आतल्या बाजूला झुकलेले, वरचे बाहेर पसरलेले. एवढं करूनही खालचे दात वरच्यांच्या १ मिमी पुढे आणि मध्ये २ मिमीची उभी फट. खालच्या डाव्या मधल्या दाताची हिरडी २ मिमी उतरलेली, मूळ उघडं पडलेलं. दात जेवढं झाकू शकत होते तेवढं त्यांनी आधीच झाकलं होतं. तरी कोन ‘सौम्य’ म्हणत होता. मग कोन नेमकं काय मोजतो, हे आधी पाहावं लागलं.

कोन वाचताना

लॅटरल सेफॅलोग्राम म्हणजे डोकं ठरावीक अंतरावर, दोन्ही कानांत आधार देऊन स्थिर ठेवून बाजूने काढलेला एक्स-रे. त्यावर चार बिंदू घेतात. एस हा पिट्युटरी ग्रंथीच्या खोबणीचा मध्य. एन हा कपाळाचं आणि नाकाचं हाड जिथे जुळतं ती जागा. ए हा वरच्या पुढच्या दातांच्या मुळांवरच्या हाडातला सर्वांत खोलगट बिंदू, आणि बी हा खालच्या जबड्यावरचा तसाच. एसएनए म्हणजे कवटीच्या तळाच्या मानाने वरचा जबडा किती पुढे, सरासरी ८२°. एसएनबी म्हणजे खालचा जबडा किती पुढे, सरासरी ८०°. दोन्हींतला फरक तो एएनबी. स्टायनर यांनी ही पद्धत १९५३ मध्ये मांडली आणि आजही ट्रेसिंगची, म्हणजे एक्स-रेवरून रेषा आणि बिंदू आखण्याची, सुरुवात बहुधा इथूनच होते. सरासऱ्या पाश्चात्त्य चेहऱ्यांवरून काढलेल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे एखाद्या अंशावरून भांडण्यात अर्थ नसतो.

या मुलीचे आकडे असे: एसएनए ८०°, एसएनबी ८२°, एएनबी उणे २°. खालच्या जबड्याच्या कडेचा उतार एसएन रेषेशी ४०° (सरासरी ३२°), फ्रँकफर्ट रेषेशी, म्हणजे कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणाऱ्या रेषेशी, ३३° (सरासरी २५°). वरच्या दातांचा कल एनए रेषेशी ३१° (सरासरी २२°). खालच्या दातांचा जबड्याच्या कडेशी कोन ७८° (सरासरी ९०°).

गोम त्या उतारात आहे. लांब चेहऱ्यात खालचा जबडा मागे-खाली फिरलेला असतो. तो फिरला की बी बिंदू मागे जातो, आणि जबडा मोठा असूनही एएनबी तेवढा उणे दिसत नाही. दार पूर्ण उघडं असेल तर त्याची रुंदी समोरून कळत नाही, तसं काहीसं. एएनबीचा दुसरा कच्चा दुवा एन बिंदू. कवटीचा पुढचा तळ आखूड असेल तर एन मागे असतो, आणि त्यानेही उणे कोन लपतो.

यावर ताळा म्हणून विट्स मोजमाप घेतलं. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या नावावरून आलेलं हे माप जेकबसन यांनी १९७५ मध्ये मांडलं. यात कवटीचा संबंध नाही. दात जिथे भेटतात त्या रेषेवर ए आणि बी बिंदूंपासून लंब टाकायचे आणि त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्त्रियांमध्ये ते ० च्या आसपास असतं. इथे ते उणे ९ मिमी भरलं.

एकाच एक्स-रेत एक माप सौम्य म्हणतं आणि दुसरं गंभीर. हिशेब करून पाहिला. दात भेटण्याच्या रेषेचा एसएनशी उतार सरासरी १४°, इथे २०°. जादा ६ अंश. ए आणि बी यांच्यात उभं अंतर साधारण ४५ मिमी. ४५ मिमीच्या काठीला ६° तिरकी केली की तिचं टोक सुमारे ४.७ मिमी सरकतं. विट्समधला निम्म्याहून अधिक फरक या तिरकेपणाने उलगडतो. म्हणजे विट्स ‘खरं’ आणि एएनबी ‘खोटं’ असं नाही. एएनबी तिरकेपणा लपवतो, विट्स तो फुगवतो.

तिसरं माप कवटीच्या तळापासून वेगळं असावं म्हणून फ्रँकफर्ट रेषेला एन बिंदूतून लंब टाकला. प्रौढ स्त्रीत ए बिंदू या लंबाच्या किंचित पुढे, साधारण १ मिमीवर असतो. इथे तो ३ मिमी मागे होता. हनुवटीचं टोक लंबावरच होतं, म्हणजे स्त्रियांच्या नेहमीच्या मर्यादेच्या पुढच्या टोकाला. इथे चित्र फिरलं. सगळे बोट दाखवत होते खालच्या जबड्याकडे, पण मुख्य उणीव वरच्या जबड्यात होती. गालांचा सपाटपणा तेच सांगत होता. चेहरा आधी पाहावा आणि आकडे मग, असा क्रम ठेवला की अशी चूक कमी होते.

एक्स-रेच्या आधीची एक तपासणी इथे वगळू नये. काही रुग्णांत पुढचे दात कडेला कड टेकतात आणि मग जबडा पुढे घसरून दाढा भेटतात. तसा घसरलेला एक्स-रे काढला तर दोष फुगून दिसतो. हनुवटी हलक्या हाताने मागे धरून तोंड मिटवायला लावलं तेव्हा घसरण जेमतेम १ मिमी होती. एक्स-रे विश्वासार्ह होता.

पर्याय

पहिला पर्याय होता ठरलेलाच: खालच्या उपदाढा काढून दात मागे नेणं. यात शस्त्रक्रिया नाही, खर्च कमी, वर्ष-दीड वर्षात काम संपतं. विरोधात तीन गोष्टी. खालचे दात ७८ अंशांवर आधीच इतके झुकलेले की आणखी मागे नेल्यास मुळं पुढच्या पातळ हाडातून बाहेर येण्याचा धोका. हिरडी उतरलेलीच होती. आणि उभी फट व गालांचा सपाटपणा यांना या उपायाने हातही लागला नसता. शिवाय ही पायरी मागे घेता येत नाही. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली, तर बंद केलेली जागा पुन्हा उघडावी लागते. त्यामुळे दात काढण्याची तारीख त्याच दिवशी रद्द करायला सांगितलं. घाईने घेतलेला असा हा एकच निर्णय. बाकी सगळ्यांना वेळ दिला.

दुसरा पर्याय फक्त खालचा जबडा मागे घेण्याचा. कुटुंबाच्या मनात हाच होता. पण सगळा फरक खालच्या जबड्यातून काढायचा तर तो बराच मागे न्यावा लागतो. जिभेला जागा कमी पडते, घशामागची श्वासाची वाट अरुंद होते, गळ्याखाली मांस साठल्यासारखं दिसतं, आणि जबडा पुढे परतण्याची शक्यता वाढते. मुलगी घोरत नव्हती. तरी विशीच्या आत श्वासाची वाट आवळून ठेवायची आणि चाळिशीत वजन वाढल्यावर त्याचे परिणाम बघायचे, हे शहाणपणाचं नव्हतं.

तिसरा, फक्त वरचा जबडा पुढे आणण्याचा. हा मोहक होता, कारण मूळ उणीव तिथेच. पण उभी फट मिटवायला वरच्या जबड्याची मागची बाजू वर उचलावी लागते. ती उचलली की खालचा जबडा बिजागरीसारखा वर फिरतो आणि हनुवटी आणखी पुढे येते. ती भर धरून एकट्या वरच्या जबड्याला ८ मिमीहून अधिक सरकवावं लागलं असतं. नाकाचा पाया रुंदावतो, शेंडा वर उचलला जातो. या चेहऱ्याला ते साजलं नसतं.

चौथा दोन्ही जबड्यांचा: वरचा पुढे, खालचा मागे, दोन्ही थोडे थोडे. शस्त्रक्रिया मोठी आणि भूल लांब, पण हालचाली मर्यादेत. हाच ठरला. तारा न लावता आधी शस्त्रक्रिया करण्याची पद्धतही विचारात घेतली. पण दात इतके भलत्या कलात होते की जबडे योग्य जागी आणल्यावर दात कशावर बसवायचे हेच ठरत नव्हतं.

वाढ थांबली का?

खालचा जबडा चेहऱ्यात सर्वांत शेवटपर्यंत वाढतो. पाळी सुरू होऊन साडेचार वर्षं झाली होती, उंची दोन वर्षं तेवढीच होती. तरी ‘आता वाढणार नाही’ असं तोंडी समजुतीवर धरलं नाही. सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर दुसरा सेफॅलोग्राम काढला आणि दोन्ही ट्रेसिंग कवटीच्या तळावर एकावर एक ठेवली. रेषा जुळल्या, तेव्हाच तारा लावल्या. ‘अहो, सहा महिने नुसते वाया,’ हे वडिलांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पण वाढ चालू असताना शस्त्रक्रिया केली की ती पुन्हा करायची वेळ येते. आणि याच घरात अर्धवट वाढीत केलेला एक उपचार फसलेला होता.

तारांची तयारी

शस्त्रक्रियेआधीच्या तारांचं काम नेहमीच्या उलट असतं. दातांनी जबड्याचा दोष झाकायला जो कल घेतला आहे तो काढून दात आपापल्या हाडात सरळ उभे करायचे. त्यामुळे दोष उघडा पडतो. वर्षभर चेहरा आणि चावा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी सांगितलं नाही तर सहाव्या महिन्यात रुग्ण हमखास विचारतो, ‘डॉक्टर, हे तर बिघडतंय.’

खालचे दात आतून बाहेर आणायचे होते, तिथे दात काढले नाहीत. वरचे पसरलेले आणि दाटीवाटीत होते, तिथे दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ काढली. म्हणजे दात अखेर काढलेच, फक्त ज्या जबड्यातून काढायचं ठरलं होतं त्याच्या विरुद्ध जबड्यातून. यातच झाकण्याचा आणि दुरुस्तीचा उपचार यांतला फरक दिसतो. वरूनच दात काढल्यामुळे शेवटी वरची दाढ खालच्या दाढेच्या मानाने एक दात पुढे बसते. पुढे कुणी ती तपासून चूक समजू नये म्हणून फाइलवर तशी नोंद केली.

१५ महिन्यांत वरचा कल ३१ वरून २६ अंशांवर आला आणि खालचा ७८ वरून ८४ वर. उलटा चावा १ मिमीचा ५ मिमी झाला. वरचा कल २२ पर्यंत मुद्दाम नेला नाही: शस्त्रक्रियेत वरच्या जबड्याची मागची बाजू २ मिमी वर गेली की तिथले पुढचे दात आपोआप दोन-अडीच अंशांनी उभे होतात. ती भर आधीच मोजलेली बरी, नाहीतर दात आत वळलेले दिसतात.

रुंदीची तपासणी तोंडात पाहून होत नाही. साच्यांचे प्लास्टर मॉडेल हातात धरून खालचं मॉडेल भविष्यातल्या जागेवर मागे सरकवून पाहायचं. तसं पाहिल्यावर दाढांपाशी वरची कमान दोनेक मिमी अरुंद होती. तारेनेच तेवढी रुंद झाली.

खालच्या दोन्ही अक्कलदाढा शस्त्रक्रियेच्या सहा महिने आधी काढल्या, कारण खालच्या जबड्याचा काप नेमका त्याच जागेतून जातो आणि रिकामी खळी हाडाने भरलेली असली तर काप नीट फुटतो. शेवटच्या तारा जाड चौकोनी स्टीलच्या, १९ बाय २५ (इंचाचे हजारावे भाग) मापाच्या. त्या बसवल्यावर सहा आठवडे काहीही हलवलं नाही. मग साचे घेतले. तारेत जोर शिल्लक असताना साचा घेतला तर शस्त्रक्रियेच्या दिवशी स्प्लिंट, म्हणजे जबड्याची नवी जागा ठरवून देणारी दातांच्या ठशांची पट्टी, दातांवर बसत नाही.

शस्त्रक्रियेची वेळ कुटुंबाने मागितली ती मे महिन्यात. द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंत उरकतो, खरड छाटणीही झालेली असते, आई सलग दीड महिना घरी राहू शकते. तयारी फेब्रुवारीत झाली होती. अडीच-तीन महिने थांबण्याने बिघडणार काही नव्हतं, आणि घरात सांभाळणारं माणूस असणं हा उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रिया

आकडेमोड अशी. ५ मिमी उलटा चावा, वर २ मिमी सरळ हवा, म्हणजे एकूण ७. वरचा जबडा ४ मिमी पुढे, तर उरले ३. मागची बाजू २ मिमी वर उचलल्याने खालचा जबडा फिरून १.५ मिमी पुढे येणार, तो धरून खालचा ४.५ मिमी मागे. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवर संगणकात हालचाल करून दोन स्प्लिंट बनवली: मधलं आणि अंतिम.

नाकातून नळी घालून भूल, रक्तदाब थोडा खाली ठेवून, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देऊन. जुळतं रक्त तयार ठेवलं होतं, लागलं नाही. आधी वरचा जबडा, ले फोर्ट वन रेषेवर. रेने ले फोर्ट यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या मोडण्याच्या ज्या रेषा दाखवल्या त्यांतली ही सर्वांत खालची. काप मुळांच्या टोकांपासून किमान ५ मिमी वर ठेवतात. सुळ्याचं मूळ सर्वांत लांब, तिथे सर्वाधिक जपावं लागतं. जबडा सुटा करून मधल्या स्प्लिंटने न हललेल्या खालच्या जबड्याला बांधला आणि चार एल आकाराच्या टायटॅनियम प्लेटने बसवला. किती वर-खाली गेला हे नाकाच्या मुळाशी बसवलेल्या पिनेपासून दाताच्या कडेपर्यंत मोजून ताडलं. हाडावरच्या खुणांवर विसंबलं तर मागच्या बाजूची चूक कळत नाही.

खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा फोडून मागे सरकवतात, त्याला बीएसएसओ म्हणतात. ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी १९५७ मध्ये ही पद्धत मांडली, दाल पोंत यांनी १९६१ मध्ये ती सुधारली. उजवी बाजू सरळ फुटली. डावीकडे खालच्या ओठाची नस मागच्या तुकड्याला चिकटून निघाली, ती हळूहळू सोडवून घ्यावी लागली. तुटली नाही, पण ताणली गेली.

यानंतरची एक पायरी छोटी आणि महत्त्वाची. प्लेट लावताना जबड्याची वरची गोळी खोबणीत नीट बसलेली हवी. ती खाली ओघळली असेल तर टेबलावर चावा छान दिसतो आणि भूल उतरल्यावर पुढे फट पडते. म्हणून स्क्रू बसल्यावर दातांची बांधणी सोडून जबडा हाताने उघडमिट करून पाहतात. डावीकडे वरचे-खालचे दात एकमेकांपासून अर्धा मिमी दूर राहिले. प्लेट काढून पुन्हा बसवली. वीस मिनिटं जास्त गेली. ओठाची शिवण व्ही-वाय पद्धतीने घातली, नाकाच्या पायाला आतून टाका घेऊन रुंदी धरून ठेवली. एकूण साडेचार तास.

पहिले सहा आठवडे

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवलं की रात्रीचे फोन कमी येतात. डोकं ३० अंश वर, नाकात थेंब, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, कारण वरच्या जबड्याचा काप सायनसमधून जातो. दात तारेने करकचून बांधले नव्हते, रबरांनी मार्गी लावले होते. तरी उलटी झाल्यास कापायला कात्री उशाशी.

पहिले दोन आठवडे पातळ: गाळलेलं मुगाचं वरण, नाचणीची पेज, ताक, दुधात प्रोटीन पावडर, ५० मिलीच्या सिरिंजला मऊ नळी लावून. तिसऱ्या आठवड्यापासून दातांखाली न चावता जिभेने दाबून खाण्याजोगं: आसट भात, मऊ खिचडी. सहा आठवडे भाकरी नाही. दिवसा दर दोन तासांनी घ्यायचं असं सांगूनही तिचं वजन ५ किलो घटलं. पेज पोट भरते, पण उष्मांक फार देत नाही. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप आणि पावडर असं मोजूनच लिहून द्यायला हवं होतं.

दहाव्या दिवशी फोन आला, ‘मॅडम, हनुवटी जरा उजवीकडे वाटतेय हो.’ तपासलं तर एका बाजूचं तिरकं रबर चुकीच्या दाताला होतं. आई रोज रबर बदलत होती, दिलेल्या चित्राप्रमाणेच. ते चित्र समोरून काढलेलं होतं आणि मुलगी आरशात पाहून सांगत होती, ‘आई, इथे नाही, तिथे.’ उजवं-डावं उलटलं. दोन दिवसांचं चुकलेलं रबर, चार दिवसांत सरळ झालं. दोन आठवडे गेले असते तर प्लेट असूनही चावा सरकला असता. त्यानंतर चित्राऐवजी रबर लावलेल्या तोंडाचाच फोटो मोबाइलवर दिला आणि उजव्या बाजूच्या हुकाला निळा ठिपका लावला.

चौथ्या आठवड्यापासून तोंड उघडण्याचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून. सुरुवातीला दातांमध्ये २२ मिमी जागा होती, दहाव्या आठवड्यात ३८.

विम्याचं

वडिलांच्या कंपनीचा सामूहिक विमा होता. कॅशलेस अर्ज ‘कॉस्मेटिक’ म्हणून परत आला. पॉलिसीतल्या प्रमाणित वगळणुकींत ०८ क्रमांकाचं कलम रूप बदलण्याच्या उपचारांना वगळतं, पण आरोग्याला थेट धोका टाळण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर अपवाद ठेवतं. पहिल्या पत्रात ‘चेहऱ्याची ठेवण सुधारण्यासाठी’ असं एक वाक्य होतं. त्यानेच घात केला. नंतरच्या पत्रात चावता न येणं, हिरडीची झीज, दात व मूळ जाण्याचा धोका मापांसह मांडला. रुग्णालयाचा भाग परतफेडीत मिळाला, तारांचा नाही.

निकाल

शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी तारा निघाल्या. एक वर्षानंतरचे आकडे: एसएनए ८४°, एसएनबी ८०.५°, एएनबी ३.५°, विट्स उणे २ मिमी, जबड्याच्या कडेचा उतार फ्रँकफर्ट रेषेशी ३१°. एएनबी सरासरीपेक्षा थोडा जास्त, विट्स थोडं कमी. उतार अजून तिरका आहे, म्हणून दोन्ही मापं आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतात. दात मात्र २ मिमी पुढे आणि १.५ मिमी झाकून बसले आहेत. पुढच्या दातांनी भाकरी तुटते.

डाव्या खालच्या ओठावर, हनुवटीकडे, रुपयाच्या नाण्याएवढा भाग अजून बधिर आहे. पहिल्या तीन महिन्यांत तो अर्ध्या ओठाएवढा होता. गरम चहाचा पेला ती आता उजव्या बाजूला लावते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचं आणि सर्वांत मोठं: चौदाव्या वर्षीच्या रबरांचं. वाढत्या वयात, घराण्यात अशी ठेवण असताना, एकाच एक्स-रेवरून ‘माइल्ड’ ठरवायला नको होतं. दरवर्षी एक सेफॅलोग्राम, तोपर्यंत दात कुठेही न ओढता थांबणं, आणि कुटुंबाला ‘कदाचित १८-१९ व्या वर्षी शस्त्रक्रिया लागेल’ असं स्पष्ट सांगणं पुरेसं होतं. हिरडी तरी वाचली असती.

हिरडीचीच दुसरी बाब आताच्या उपचारातली. खालचे दात पुढे आणायचे हे ठरलेलंच होतं, तर टाळूची पट्टी लावून हिरडी जाड करण्याची छोटी शस्त्रक्रिया तारांच्या आधी व्हायला हवी होती. ती पाचव्या महिन्यात झाली, तोवर उतरलेली हिरडी २ वरून ३ मिमीवर गेली होती. झाकली गेली, पण पूर्ण नाही.

विम्याचं पत्र तारा लावण्याच्या दिवशीच लिहून ठेवता येतं. मापं तेव्हाच हातात असतात, आणि शस्त्रक्रियेच्या आठवड्यात घाईने लिहिलेलं वाक्य नडतं.

ओठाच्या बधिरतेची गोष्ट. नस ताणली जाणं टळलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण शस्त्रक्रियेआधी ओठाच्या दोन्ही बाजूंची जाणीव मोजून ठेवली नव्हती. कापसाची वात फिरवून, डोळे मिटून, ओठावरच्या आठ-दहा जागांवर ‘कळलं की नाही’ एवढं लिहायचं आणि कागदावर ओठाचं चित्र काढून भरायचं. पाच मिनिटांचं काम. ते नसल्याने तीन महिन्यांपर्यंत सुधारणा होतेय की नाही यावर नुसते अंदाज चालले, आणि आईच्या प्रत्येक ‘कमी झालंय का हो?’ला मोघम उत्तर द्यावं लागलं. चौथ्या महिन्यापासून चित्र भरायला सुरुवात केली. तेव्हापासून बधिर भागाची कड दर भेटीला पेनाने आखली जाते.